कोऱ्या काचेवरचं नाव

“...मग तुमच्या शंभर जागांत हे का नाही दिसलं, बाई?”

सारंगने पडद्यावर बोट ठेवलं. फिकट निळ्यावर एक बारीकशी लाल काडी. तिच्यापासून दूर आणखी दोन.

मार्थाबाई उजागरेंनी चष्मा कपाळावर चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि बघत राहिल्या.

“नाही दिसलं खरं,” त्या म्हणाल्या.

बस, एवढंच. सारंगला वाटलं होतं, बाई वाद घालतील. तो वादाची तयारी करून आला होता, आणि तयारी वाया गेली की माणूस जरा चिडतोच.

वाघदऱ्याच्या माळावर छातीच्या रोग्यांचा एक जुना दवाखाना आहे. तिथल्या लॅबमध्ये मार्थाबाईंनी बेचाळीस वर्षं लोकांच्या बेडक्यात टीबीचे जंतू शोधले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सकाळी नऊला हजर. घरी बसवत नाही म्हणायच्या. सारंग बिडवे बारा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली वर्षभर शिकला होता. पुढे पुण्याला जाऊन भिंगांचं शास्त्र शिकला, आणि आता स्वतः बनवलेलं यंत्र घेऊन परत आला होता. विश्वस्तांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, मार्थाबाईंनी ‘भरवसा आहे’ असं लिहून सही केली तर यंत्र ठेवून घेऊ. नाही केली तर राम राम.

यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. पण कौतुक करावं असंच होतं, उगीच नाही कशाला म्हणायचं? मायक्रोस्कोपमधून बारीक बघायला जावं तर जागा थोडीच दिसते, आणि जागा पुष्कळ बघायला जावं तर बारीक दिसत नाही. सारंगने ही अडचण गणिताने सोडवली होती. भिंग साधंच. काचेखालचा दिवा मात्र एकदा इकडून लागायचा, एकदा तिकडून, असे दीडशे फोटो निघायचे. मग संगणक त्या फोटोंची गोधडी शिवायचा, आणि चार मिनिटांत अख्खी काच कानाकोपऱ्यासकट पडद्यावर. बाई एका काचेच्या शंभर जागा बघून ‘जंतू नाहीत’ लिहायच्या. यंत्र दहा हजार जागा बघायचं.

“आणि ही एकच नाही,” सारंग म्हणाला. “दोन दिवस बसून वर्षभरातल्या दोनशे काचा लावल्या मी. तुम्ही ‘नाहीत’ म्हटलेल्यांपैकी एकोणीस काचांत आहेत.”

“एकोणीस...”

“एकोणीस माणसं, बाई.”

बाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. फक्त मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले.

पडद्यावरची काच चंद्रकला गोरेची होती. ती बाहेर ओसरीवर वडिलांबरोबर बसली होती, बावीस वर्षांची. तीन आठवडे खोकला हटेना, तेव्हा सासूने तिला माहेरी धाडलं आणि चार महिन्यांची लेक ठेवून घेतली. “टीबी नसल्याचा कागद आण, मग लेकरू घे.” सासूही काही वाईट नव्हती, तिचा दीर टीबीनेच गेला होता. या गोष्टीला पाच दिवस झाले होते. चंद्रकला पदर छातीशी दाबून बसायची, तरी पदर ओला व्हायचा.

आज सकाळीच बाईंनी तिला तोंडी सांगितलं होतं, जंतू दिसले नाहीत. कागद तेवढा द्यायचा राहिला होता.

सारंग उठला. “तिला सांगायला हवं.”

“बस.”

“बाई, माणसाकडून चूक होते. मी काही तुम्हाला...”

“बस म्हटलं ना. कोरी काच लावलीस का?”

सारंगला हसू आलं. बारा वर्षांनंतरही बाईंचं खूळ तेच.

बाईंच्या लॅबची रीत अशी. रोज सकाळी लोकांच्या काचांबरोबर एक काच कोरीच घ्यायची. तिच्यावर काही लावायचं नाही. पण लाल रंग, आच, आम्ल, निळा रंग, धुणं, वाळवणं, सगळं इतरांसारखंच. मग तिच्याही शंभर जागा बघायच्या आणि वहीत लिहायचं, ‘काही नाही’. नव्या शिकाऊने पहिले चाळीस दिवस दुसरं काहीच बघायचं नाही. आणि त्या काचेच्या कोपऱ्यात हिरकणीच्या पेन्सिलीने नाव कोरायचं, ते त्या शिकाऊचं.

सारंगने तेव्हा विचारलं होतं, “कोऱ्या काचेवर माझं नाव कशाला, बाई?”

“बघ आधी,” बाई म्हणाल्या होत्या.

त्याने चाळीस दिवस बघितलं. त्याला वाटलं, एका जागी बसायची सवय लावतात. पुण्यात मित्रांना हा किस्सा सांगून त्याने पुष्कळ हसवलं होतं.

“यंत्राला कोरी काच लागत नाही, बाई,” तो आता समजुतीच्या स्वरात म्हणाला. “ते कंटाळत नाही, डुलकी घेत नाही. रिकाम्या काचेत त्याने बघायचं काय?”

बाई उठल्या. आजची कोरी काच फळीवरच होती, सकाळी त्यांनीच बघितलेली. तिच्यावर नाव नव्हतं. दोन वर्षांत शिकायलाच कुणी आलं नव्हतं, नाव घालणार कुणाचं?

त्यांनी पेन्सिल घेतली. कोपऱ्यात सावकाश अक्षरं कोरली. फुंकर मारली.

“लाव.”

सारंगने काच उजेडात धरली. कोरलं होतं, सारंग बिडवे.

तो मान हलवत हसला. यंत्रात काच सरकवली. यंत्र आधी नाव विचारतं, त्याने तेच नाव टाकलं. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये.

चार मिनिटं... दिवा इकडून लागला, तिकडून लागला. बाहेर चंद्रकला खोकली. बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

गोधडी शिवून झाली. पडद्यावर चार ठिकाणी लाल काड्यांभोवती चौकोन आले. खाली अक्षरं उमटली: सारंग बिडवे. टीबीचे जंतू: आहेत. उपचार सुरू करावेत.

सारंगने ते दोनदा वाचलं.

“हे... कसं?”

“जंतू नाहीत का?”

त्याने चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. “आहेत. लाल आहेत, काडीसारखे आहेत. यंत्र खोटं बोलत नाहीये.”

“मग औषध कधी सुरू करतोस?”

“मला काही झालेलं नाही, बाई. काच कोरी आहे.”

“तुझं तुला ठाऊक आहे.” बाईंनी दाराकडे बघितलं. “तिचं कोण सांगणार?”

सारंगने ओसरीकडे बघितलं.

बाईंनी ही पाच मिनिटं अडवलं नसतं, तर तो ओसरीवर जाऊन त्या पोरीला सांगून मोकळा झाला असता. तिने ते ऐकून घेतलं असतं, आणि वडिलांच्या मागून खाली मान घालून माळ उतरून गेली असती. हे त्याला इतकं लख्ख दिसलं, की त्याने टेबलाची कड धरली.

मग त्याने चंद्रकलाच्या काचेचं चित्र पुन्हा उघडलं. या खेपेला यंत्राचा निकाल वाचला नाही, काच बघितली. तीनपैकी दोन काड्या थुंकीच्या डागाच्या बाहेर पडल्या होत्या, उघड्या काचेवर. तिसरी अगदी काठाला. यंत्राने सगळं दाखवलं होतं. त्यानेच बघितलं नव्हतं.

“बाई, काचा धुता कोणत्या पाण्याने?”

“डिस्टिल्ड पाण्याने. म्हणजे...” बाई थांबल्या. “ते पाणी काढायचं भांडं श्रावणात फुटलं. तेव्हापासून टाकीचं. पण मी उकळून घेते. स्वतः उकळते.”

सारंगने एकोणीस काचांच्या तारखा बघितल्या. एकही श्रावणाच्या आधीची नव्हती.

“टाकीतल्या पाण्यात साधे जंतू असतात,” तो हळू म्हणाला. “टीबीचे नव्हेत, पण त्यांच्याच भावकीतले. तसेच लाल होतात. उकळल्यावर मरतात खरे. पण मेले तरी...”

“...रंग धरतात,” बाईंनी वाक्य पुरं केलं.

“हे तुम्हीच शिकवलंत मला.”

“हो. आणि मीच विसरले.”

“म्हणजे तुमचंच बरोबर होतं,” सारंग म्हणाला. “एकोणीसही.”

“कशाचं बरोबर? अरे, मला दिसलंच नाही. रोज ही कोरी काच घेत होते, रोज ‘काही नाही’ लिहीत होते. तीन महिने. उद्या एखाद्या काचेत खरेच निघाले असते आणि तेही मला दिसले नसते तर?” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. “एकोणीस जणांना परत बोलवायचं. एकूण एक.”

मग बाई उठल्या. त्या डब्याएवढ्या यंत्रासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. डोळे मिटून कपाळ हातांना टेकवलं.

“देवाचे उपकार,” त्या म्हणाल्या. “माझे डोळे पुरते जायच्या आत आलास.”

हे यंत्राला म्हणाल्या की आपल्याला, ते सारंगला कळलं नाही. पण त्याला भरून आलं. सकाळपासून तो ज्या शब्दांची वाट बघत होता ते हे नव्हतेच, आणि आता दुसरे नकोही होते.

गावातल्या गॅरेजात गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं. सारंग मोटरसायकल काढून दोन कॅन घेऊन आला. सगळी भांडी त्याने आपल्या हाताने त्याच पाण्याने धुतली. चंद्रकलाच्या थुंकीची नवी काच केली. तिच्याआधी एक कोरी काच. तिच्यावर त्याने न विचारता आपलं नाव कोरलं.

कोरी काच लागली. कुठे काही नाही.

मग चंद्रकलाची. चार मिनिटं तो पडद्यासमोरून हलला नाही. दहा हजार जागा, आणि एकही काडी नाही. बाईंनी तीच काच आपल्या जुन्या मायक्रोस्कोपखाली घेतली आणि शंभर जागा मोजून बघितल्या. मग वहीत लिहिलं. खाली सारंगलाही लिहायला लावलं.

डॉक्टरांनी छाती पुन्हा तपासली. कफ धरलाय, आठ दिवसांच्या गोळ्यांनी सुटेल म्हणाले. मोठ्या तपासणीसाठी थुंकी जिल्ह्याला पाठवली, पण कागद आजच दिला.

चंद्रकलाने तो दोन्ही हातांनी घेतला. तिला वाचता येत होतं, तरी वाचला नाही.

“म्हणजे लेकराला पाजू, बाई?”

“तोंडाला पदर बांधून पाज. आज संध्याकाळीच.”

ती पाया पडायला वाकली. बाईंनी तिला खांद्याला धरून सारंगकडे वळवलं. “त्याला नमस्कार कर. त्याने अख्खी काच बघितलीय. मी शंभरच जागा बघते.”

सारंग दोन पावलं मागे सरला. “नको, नको... ताई, तुम्ही निघा. एस.टी. चुकेल.” एरवी मान मिळाला तर नको म्हणणारा गडी नव्हता तो. आज त्याला तिच्या डोळ्यांकडे बघवेना. मनातल्या मनात त्याने तिचेच आभार मानले, पाच मिनिटं ओसरीवर थांबल्याबद्दल.

तिच्या वडिलांनी पिशवीतून भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं काढलं, खिडकीत ठेवलं, आणि बापलेक माळ उतरून गेली. चंद्रकला पुढे होती. म्हाताऱ्याला तिच्या मागे धावावं लागत होतं.

सारंगने विश्वस्तांचा कागद हळूच बॅगेत सरकवला.

“काय लपवतोस?” बाई शेंग फोडत म्हणाल्या. “आण इकडे.”

त्यांनी लिहिलं, ‘भरवसा आहे.’ जरा थांबून पुढे लिहिलं, ‘रोज कोरी काच आधी.’ आणि सही केली.

“आता यंत्रालाच तसं शिकवतो,” सारंग म्हणाला. “कोरी काच लावल्याशिवाय पुढची घ्यायचीच नाही.”

“शिकव.”

उद्याच्या काचा पुसून ठेवायच्या होत्या. त्याने पहिली काच उचलली. हिरकणीची पेन्सिल घेतली. हात तसाच थांबला.

“बाई, मी तर उद्या पुण्याला जाणार. यंत्राला नाव नाही. हिच्यावर कुणाचं घालू?”

बाईंनी शेंगांची टरफलं गोळा केली. हात झटकले. खिडकीतून माळाकडे बघितलं...

“माझं घाल,” त्या म्हणाल्या. “फार वर्षांत घातलेलं नाही.”