छावणीत ठेवलेला नंदादीप

एकदा एका डोंगरी खोऱ्यात तीन लहान राज्ये शेजारी शेजारी नांदत होती. तिन्हींचीही वाट एकाच खिंडीतून जाई, आणि त्या खिंडीत दूरच्या एका बलाढ्य सम्राटाची फौज पहारा देई. खोऱ्यातल्या भाल्यांना त्यामुळे कामच उरले नव्हते. खंडेनवमीला हळदकुंकू लागे तेवढेच. एरवी पडवीला टेकलेल्या त्या भाल्यांवर काकडीचे वेल चढत.

मधल्या राज्याचा तरुण राजा यशोधर. त्याच्यापुढे सम्राटाचा नवा करार आला. पहारा कायम राहील, मात्र खिंडीच्या रक्षणाविषयी शेजाऱ्यांशी परस्पर बोलायचे नाही, अशी त्यात अट होती. यशोधराला त्यात काही वावगे दिसेना. आयती निश्चिंती कोणाला नको? मोहोर उमटवण्यापूर्वी तो आपल्या वृद्ध आचार्यांच्या पाया पडायला गेला.

आचार्य म्हणाले, "दसऱ्याला उमटव. तोवर एक कर. आईचा नवरात्रातला नंदादीप यंदा खिंडीतल्या छावणीत नेऊन ठेव. सैनिक जागेच असतात, तेलही त्यांच्याकडे मुबलक."

घरचा अखंड दिवा परक्या तंबूत? यशोधराला ते रुचले नाही, पण गुरुवचन मोडवेना. आईला विचारले, तर ती नुसती हसली आणि 'आचार्य सांगतात ना, मग ने' म्हणाली.

सैनिक भले होते. त्यांनी समईला पाट दिला, वात सांभाळली. यशोधर रोज सकाळी दर्शनाला जाई आणि मनात म्हणे, आचार्यांना उगाच शंका.

ललितापंचमीला तो गेला, तर तिथे छावणीच नव्हती. सम्राटाच्या उत्तर सीमेवर शत्रू चालून आला होता आणि हुकूम येताच फौज तिकडे निघून गेली होती. पाटावर समई थंड पडली होती. मागे खिंड सताड उघडी.

समई छातीशी धरून तो घरी आला. आचार्य देवघराच्या उंबऱ्याशी बसले होते.

"त्यांनी दगा दिला, गुरुजी."

"दगा कसला? त्यांच्या घराला आग लागली, ते तिकडे धावले. तू तरी दुसरे काय केले असतेस? बाळा, व्रत आपले आणि जागरण त्यांचे, ही वाटणीच चुकली. मित्राकडून तेल घ्यावे, त्याचे उपकार मानावेत. पण दिव्यापाशी बसायचे ते ज्याचे व्रत त्यानेच."

"आता आईला काय सांगू?"

आतून आईच म्हणाली, "आधी आत तर ये."

देवघरात दिवा तेवत होता. समई छावणीत जाण्याआधीच तिने त्या ज्योतीवरून ही ज्योत लावून घेतली होती. शेजारच्या दोन्ही राण्या दरवर्षीप्रमाणे नवरात्राला येऊन राहिल्या होत्या. त्याही तिथेच बसल्या होत्या.

"माझा डोळा लागला की तुझी काकू बसते, ती दमली की मावशी," आई म्हणाली. "आम्हाला कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही हो."

आचार्य खाली मान घालून हसत होते.

यशोधराने थंड समई त्या ज्योतीवर पुन्हा उजळली. त्याच दुपारी दोन्ही शेजाऱ्यांकडे निरोप गेले. लोकांनी काकडीचे वेल हलक्या हाताने उतरवले, आणि दिवेलागणीला तिन्ही राज्यांची माणसे खिंडीत उभी होती. त्या खंडेनवमीला पूजलेले भाले पडवीत परतले नाहीत.

दसऱ्याला यशोधराने सम्राटाला कळवले की स्नेह होता तसाच राहील, अट तेवढी आम्हाला पाळता येणार नाही. पहारा आता आम्ही तिघे आळीपाळीने करू. उत्तर येईपर्यंत त्याच्या जिवात जीव नव्हता. पण सम्राट रागावला नाही. दिवाळीआधी त्याच्याकडून तेलाचे बुधले आले.

यशोधराने भेट माथ्याला लावली, बुधले देवघरात ठेवले, आणि भाला उचलून तो आपल्या पाळीला निघाला.