निवृत्तीनं विमान पेट्रोलवर आणलं

एका गावात एक भोळा निवृत्ती होता. होता म्हणजे आहेच अजून, गोष्टीत होता म्हणायचं. तो शाळेत घंटा द्यायचा. कोणी काही सांगितलं की शब्दन् शब्द पाळायचा. सांगणाऱ्यानं डोकं चालवलेलं असतं, मग त्यात आपलं कशाला घालायचं, असं त्याचं मत होतं.

त्याच गावात मुळीक मास्तर राहायचे. मास्तर निवृत्त झाले असं गावात कळलं, तेव्हा आपला निवृत्ती दोन दिवस काळजीत होता. ते निवृत्त झाले तर मग आपण कोण?

मास्तरांना छोटी विमानं करायचा नाद. तीन-चार हात लांब पंख, मुठीएवढं इंजिन, आणि जमिनीवर उभं राहून रिमोटनं उडवायचं. अडचण एकच होती. त्या इंजिनाला खास इंधन लागायचं, स्पिरिटासारखं, एरंडेल घातलेलं. ते पुण्याहून यायचं, महिन्यानं यायचं आणि दहा मिनिटांत संपायचं. यंदा शाळेला पन्नास वर्षं पुरी होत होती. समारंभात विमान फिरवून दाखवतो, असं मास्तरांनी कबूल केलेलं. आणि पुण्याचा डबा काही येईना.

मास्तर म्हणाले, "इंजिनच बदलू. फाट्यावरच्या पंपावर मिळतं त्या साध्या पेट्रोलवर चाललं पाहिजे."

मदतीला निवृत्तीला बोलावलं. निवृत्ती इस्त्रीचा सदरा घालून आला.

"हे बघ," मास्तर म्हणाले, "आत्ता या इंजिनात तार तापते आणि इंधन पेटतं. पेट्रोलला ठिणगी लागते. तेव्हा आधी जुना प्लग काढ." आणि अंघोळीला गेले.

निवृत्तीनं घरभर फिरून बघितलं. सगळ्यात जुना प्लग फ्रिजचा होता. तो काढला.

संध्याकाळी मास्तरांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, दोन लिटर दूध नासलं. मास्तर म्हणाले, "अरे, इंजिनाचा प्लग! घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही."

"बरं," निवृत्ती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी अंगणात कुरडया वाळत घातल्या आणि निवृत्तीला लक्ष ठेवायला सांगितलं. शेजारची शेळी आली. निवृत्तीनं लक्ष ठेवलं. शेळीनं पहिली ओळ खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरीला काकू बाहेर आल्या.

"अरे, बघत काय बसलास?"

"कुरडया घरातल्या आहेत काकू. हात लावायचा नाही."

काकूंनी कपाळाला हात लावला. "अंगणात कोणी परकं शिरलं, की काठी घेऊन हाकलायचं! कळलं?"

कळलं. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी बोलावलेले हणबर मिस्त्री कोल्हापूरहून आले. ठिणगी पाडायची छोटी पेटी, नवा प्लग, सगळं पिशवीत घेऊन दोन एसट्या बदलून आले. फाटक उघडून आत पाऊल टाकलं.

निवृत्तीनं विचारलं, "तुम्ही परके का?"

"परकाच की. कोल्हापूरचा."

मास्तर बाहेर येईपर्यंत हणबर मिस्त्री पाण्याच्या टाकीवर चढून बसले होते. पिशवी मात्र त्यांनी सोडली नव्हती. मास्तरांनी हात धरून खाली उतरवलं, चहा पाजला, माफी मागितली, आणि निवृत्तीला बाजूला घेतलं. "दमून आलेल्याला आधी पाणी द्यायचं असतं रे. गुळाचा खडा द्यायचा. काठी नव्हे!"

"आता चुकायचं नाही," निवृत्ती म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

मिस्त्री भला माणूस. दोन दिवस राहिला. नवा प्लग बसवला, पंख्याजवळ चुंबक बसवलं, पेट्रोल कमी लागतं म्हणून इंधनाचं भोक बारीक केलं. शेवटी घाम पुसत म्हणाला, "काढघाल करून दमलं बिचारं इंजिन. आता टाकी भरा."

मास्तरांनी निवृत्तीला खूण केली.

मग तासभर पंखा फिरवला. इंजिन हूं की चूं करेना. मिस्त्रीनं टाकी उघडून वास घेतला. आत माठातलं गार पाणी होतं. आणि इंजिनाशेजारी गुळाचा खडा.

"दमलंय म्हणाले ना," निवृत्ती म्हणाला.

मास्तर खुर्चीत बसले. म्हणाले, "पाणी नाही रे बाबा. पेट्रोल. आणि नुसतं पेट्रोल कधी द्यायचं नाही, इंजिन आतून जाम होतं. वीस वाट्या पेट्रोलला एक वाटी तेल. घालायचंच."

तसं केलं, आणि तिसऱ्या झटक्याला इंजिन टर्रकन सुरू झालं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. निवृत्तीच्याही आलं, पण त्याच्या डोळ्यांत धूर गेला होता.

समारंभाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापिका तावरे बाई कार्यक्रम ठरवायला आल्या. त्यांच्या स्कूटरचं पेट्रोल नेमकं दारात संपलं. मास्तर म्हणाले, "निवृत्ती, बाईंच्या गाडीत पेट्रोल घाल." निवृत्तीनं घातलं. नुसतं नाही घातलं. बाईंची गाडी विमानापेक्षा केवढी मोठी, म्हणून तेलही हात सैल सोडून घातलं.

बाई पारापर्यंत पोचल्या तेव्हा मागे पार दिसत नव्हता, इतका पांढरा धूर. त्या चालत परत आल्या, बोलायचं ते बोलल्या आणि चालतच निघून गेल्या. निवृत्ती हातात पाना घेऊन उभा.

"गाडीचं मी बघतो," मास्तर म्हणाले. "पण बाई निघाल्या आणि तू खांबासारखा उभा! कोणी निघालं की हातातलं खाली ठेवायचं, दोन्ही हात जोडायचे, 'सावकाश जा, परत या' म्हणायचं. एवढं तरी लक्षात ठेव."

निवृत्तीनं ते रात्रभर लक्षात ठेवलं.

समारंभाला सगळं गाव लोटलं. विमान पटांगणावर धावलं, उचललं आणि वर गेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, विमान फिरतंय आपलं. पेट्रोल पुरवठ्याला येत होतं. एवढ्यात माइकवर तावरे बाईंचा आवाज आला, "मुळीक मास्तरांनी शाल स्वीकारायला व्यासपीठावर यावं."

बाईंना पुन्हा दुखवायची मास्तरांची हिंमत नव्हती. त्यांनी रिमोट निवृत्तीच्या हातात दिला. "ही काडी अशी डावीकडं दाबून धर. विमान गोल गोल फिरत राहील. मी आलोच."

निवृत्तीनं काडी दाबून धरली. विमानानं एक फेरी मारली, दुसरी मारली. निवृत्तीचा ऊर भरून आला. तिसऱ्या फेरीला विमानाचं तोंड शाळेच्या फाटकाकडं झालं.

निवृत्तीनं रिमोट खुर्चीवर ठेवला. दोन्ही हात जोडले.

"सावकाश जा," तो म्हणाला. "परत या."

विमान सरळ झालं. फाटकावरून गेलं, उसावरून गेलं, माळावरून गेलं. ठिपका झालं. मग तेही दिसेना.

मास्तर शाल पांघरून धावत आले. आधी आभाळाकडं बघितलं, मग खुर्चीवरच्या रिमोटकडं, मग निवृत्तीकडं.

"विमान कुठंय?"

"निघालं ते," निवृत्ती म्हणाला. "मी निरोप अगदी रीतीनं दिला, मास्तर. हातातलं खाली ठेवलं, हात जोडले, परत या म्हटलं. पण रागावू नका, त्याला काही वळण नाही बघा."