थरथरत्या हातांचा प्रश्न

एका राज्यात विद्येचे तीन मठ होते, आणि एका मठाची खिडकी दुसऱ्या मठाकडे उघडत नव्हती. तांबड्या मठात देहाची विद्या होती: नाडी, ज्वर, औषधी, विष. निळ्या मठात सृष्टीची विद्या होती: तारे, पाणी, धातू, दगड, गणित. पिवळ्या मठात माणसांची विद्या होती: भाषा, गाणी, न्याय, होऊन गेलेल्यांच्या कथा. तिन्ही मठांत एवढे लिहिले जाई की लेखण्यांपायी नदीकाठी बोरू उरला नव्हता.

तिथली रीत अशी. नगराच्या वेशीवर द्वारपाल बसे. कोणी प्रश्न घेऊन आला की द्वारपाल त्याच्या कपाळावर एक टिळा लावी आणि त्या रंगाच्या मठात धाडी. प्रश्न दोन रंगांचा निघाला, तर ओल्या फडक्याने टिळा पुसून माणसाला घरी पाठवी.

पूर्वी एक तरुण वेशीवर आला होता. तो म्हणाला, "माझ्या आईचे हात थरथरतात. अमावास्या जवळ आली की थरथरतात. तेव्हा ती एकच गाणे गुणगुणत असते. असे का?" वैद्य म्हणाले, अमावास्या आमची नव्हे. गणक म्हणाले, गाणे आमचे नव्हे. पिवळे आचार्य म्हणाले, हात आमचे नव्हेत. टिळे लावून आणि पुसून त्याच्या कपाळाची साल निघाली, आणि तोवर आई वारली. तो अरण्यात गेला, मांत्रिक झाला, आणि एक मातीचा घट घेऊन परत आला. घटाचे तोंड बांधलेले होते. गळ्याभोवती तांबडी नागमोडी नक्षी होती. दरबाराच्या मधोमध घट ठेवून तो म्हणाला,

"माझ्या प्रश्नाचे उत्तर या घटाशी बोला. राजकन्या सोळा वर्षांची झाली की माती होऊ लागेल, म्हणजे तुम्हाला घाई सुटेल. उत्तर अर्धे असेल, किंवा शंकेने डळमळेल, तर बोलणाराच माती होईल."

एवढे बोलून तो धुरासारखा विरला. राजकन्या तेव्हा पाळण्यात होती, म्हणून कोणी घाई केली नाही.

आता ती सोळा वर्षांची झाली होती. तिचे नाव इंदुलेखा. तिचा उजवा हात कोपरापर्यंत माती झाला होता. तिन्ही मठांतले मोठे मोठे आचार्य घटाशी आपापल्या विद्येचे उत्तर बोलून गेले आणि पुतळे होऊन तिथेच उभे राहिले. एकाचे बोट वर होते, कारण त्याचा मुद्दा संपला नव्हता. दरबारी मंडळी त्या बोटावर उपरणी वाळत घालत.

शेवटी राजा धवलसेनाने वसुमित्राला बोलावले. वसुमित्र म्हणजे इंदुलेखेचा वृद्ध गुरू. तो तिन्ही मठांत शिकला होता, म्हणून एकाही मठाचा नव्हता. तिन्ही मठांनी त्याला दाराजवळचे आसन दिले होते. तो आयुष्यभर एकच ग्रंथ लिहीत होता, आणि ग्रंथ पुरा होत नव्हता. कारण प्रत्येक वाक्यात 'बहुधा' येई, आणि 'बहुधा' आला की पुन्हा सगळे तपासावे लागे.

"वसुमित्रा, उत्तर आण," राजा म्हणाला.

"महाराज, मी तिन्हीकडे हिंडलो आहे, शिकलो आहे असे म्हणवत नाही. बहुधा माझ्याहून योग्य असे..."

"ते सगळे हे उभे आहेत."

वसुमित्राने पुतळ्यांकडे पाहिले.

इंदुलेखा म्हणाली, "आचार्य, एक सोय झाली आहे. या हाताला डास चावला तर दात त्याचे पडतात." मग तिचा आवाज उतरला. "रोज थोडे वर चढते. गळ्यापर्यंत आले की मला हाक मारता येणार नाही. त्याआधी या. माझी साळुंकी न्या. ती वाट विसरत नाही, आणि तुम्हाला विसरू देणार नाही."

साळुंकी उडून वसुमित्राच्या खांद्यावर बसली आणि म्हणाली, "चल, पंडित. तुझे पाय कापताहेत ते नंतर पाहू."

वेशीवर द्वारपालाने विचारले, "प्रश्न कोणत्या रंगाचा?" वसुमित्राने सगळा प्रश्न सांगितला. द्वारपालाने फडके उचलले.

"तुकडे कर," साळुंकी त्याच्या कानात म्हणाली. "यांना घास लहान लागतो."

तेव्हा वसुमित्र म्हणाला, "हात कशाने थरथरतात?" द्वारपालाने आनंदाने तांबडा टिळा लावला.

तांबड्या मठात वैद्यराज त्रिविक्रम सभेत होते. थरथरीला थरथर म्हणावे की कंप म्हणावे, यावर सकाळपासून वाद चालला होता. वसुमित्र उभा राहिला. मग बसला. मग पुन्हा उभा राहिला. वाद मिटला नाही, भोजनाची वेळ झाली म्हणून थांबला.

"वैद्यराज, महिन्यातून एकदा येऊन जाणारी थरथर कशाची?"

"महिना हा काळ आहे. काळ निळ्या मठात."

वसुमित्राने दात आवळले. "महिना सोडा. येऊन जाणारी थरथर."

"येऊन जाणारी? मग पाऱ्याची वाफ. श्वासावाटे जाणारे विष आहे ते. हिरड्या सुजतात, स्वभाव भित्रा होतो, हात थरथरतात. विष थांबले की थरथर ओसरते. मी यावर प्रबंध लिहिला आहे."

"मग हे त्या मुलाला का सांगितले नाही?"

"त्याने अमावास्येचे नाव काढले होते," वैद्यराज म्हणाले आणि जेवायला बसले.

बाहेर येताना वसुमित्राने जिभेने आपल्या हिरड्या चाचपल्या.

"तू जन्मजात भित्रा आहेस," साळुंकी म्हणाली. "पाऱ्याला दोष देऊ नकोस."

निळ्या मठात गणक मिहिरगुप्त आकाशाकडे तोंड करून बसला होता आणि मान खाली करत नव्हता. वसुमित्राने त्याच्या दाढीला विचारले, "ज्या घरात पारा नाही, तिथे पाऱ्याची वाफ कुठून येईल?"

"घर पिवळ्या मठात."

"घर काढून टाका!" वसुमित्र ओरडला, आणि आपल्याच आवाजाने दचकला.

"हिंगूळ," मिहिरगुप्त शांतपणे म्हणाला. "तांबडा दगड. त्याची पूड विस्तवावर गेली की आतला पारा वाफ होऊन उडतो."

"आणि चंद्र? चंद्राचा हातांशी काही संबंध?"

"नाही. आम्ही तपासले. तीन पिढ्या तपासले. नाही म्हणजे नाही."

"हे कोणाला सांगितलेत?"

"निकाल 'नाही' असा आला. 'नाही' आम्ही सांगत नसतो. लोक विचारतात, मग तीन पिढ्या काय केलेत."

वसुमित्राने कपाळावर हात मारला. टिळ्याने हात निळा झाला.

तिसऱ्या खेपेला तो शिकला होता. द्वारपालाला म्हणाला, "एक गाणे हवे. नुसते गाणे. त्यात काहीही नाही." पिवळा टिळा मिळाला.

पिवळ्या मठात आचार्या गौतमी गाण्यांच्या दालनात होत्या. त्यांनी शिष्यांचे दोन पक्ष दोन भिंतींना बसवले होते, कारण तिसरे कडवे मागाहून घुसडलेले आहे की नाही, यावरून ते एकमेकांशी बोलत नव्हते.

"बायकांचे, अमावास्येचे, विस्तवाचे गाणे," वसुमित्र म्हणाला. गौतमींनी डोळे मिटले आणि गायल्या,

"तांबडा दिवा राजाच्या दारी,
भट्टी फुंकिते मी अंधारी,
हिंगूळ माखते, फुंकर घालते,
उद्या अवस गं, आज जागते."

"हे कोणाचे गाणे?"

"राजवाड्याचे दिवे भाजणाऱ्या कुंभारणींचे. अमावास्येला राजवाड्यात तांबडेच दिवे लागतात. पणतीला हिंगूळ माखतात, भट्टीत घालतात, आणि रात्रभर फुंकत बसतात."

वसुमित्र पुढे सरकला. "आणि हात? गाण्यात हात आहेत काय?"

"चौथ्या कडव्यात. 'हाता रे हाता, स्थिर राहा आता.' आम्ही त्याचा अर्थ विरह असा लावला आहे."

वसुमित्राने गौतमींना नमस्कार केला. तो बाहेर येऊन एका दगडावर बसला. उत्तर तिन्ही मठांत केव्हाचे लिहून ठेवलेले होते. एकात विष, एकात दगड, एकात ती बाई.

"बोलून पाहा," साळुंकी म्हणाली.

"तुझ्या आईचे हात बहुधा..."

"माती."

"तुझ्या आईचे हात, माझ्या अल्पमतीप्रमाणे..."

"माती."

"असे मानण्यास जागा आहे की..."

"माती, आणि वर एक उपरणे वाळत."

"पण मला खात्री नाही!" तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "ती बाई भट्टीवर बसत होती, हे कोणी पाहिले आहे? शेजारणीकडून गाणे ऐकले असेल तर? मी चुकलो तर मी माती होईन. ते एक वेळ ठीक. पण मग त्या पोरीसाठी कोण बोलेल?"

साळुंकी उडून वाटेवर पुढे बसली. ती म्हणाली, "ऊठ. माती थांबत नाही."

दरबारात ते पोचले तेव्हा माती इंदुलेखेच्या हनुवटीला लागली होती. तिने नुसते डोळ्यांनी त्याला ये म्हटले. राजा सिंहासनावरून उतरून खाली उभा होता.

वसुमित्र घटासमोर गेला. काय बोलावे ते सुचेना, म्हणून तो सवयीने घटाकडे पाहत राहिला, जसा तो कोणतीही वस्तू फार वेळ पाहत असे. गळ्याभोवतीची ती तांबडी नागमोडी नक्षी. एक लाट मोठी होती, एक बारीक. एका जागी रेघ तुटली होती आणि पुन्हा जुळवली होती. त्याने बोट लावले. तांबडी पूड बोटाला लागली. हिंगूळ.

ती नक्षी नव्हती. त्या तरुणाच्या आईचे थरथरते हात तिथे सरळ रेघ काढू पाहत होते.

वसुमित्र घटाच्या तोंडाशी वाकला. राजासमोर हे बोलायचे होते. पण जिभेवर 'बहुधा' आला नाही.

"तुझ्या आईचे हात राजवाड्याच्या दिव्यांनी थरथरले," तो घटाशी बोलला. "अमावास्येचे तांबडे दिवे ती भाजत होती. पणत्यांना हिंगूळ माखत होती. भट्टीत हिंगुळातला पारा वाफ होऊन तिच्या श्वासात जात होता. हात स्थिर राहावे म्हणून ती गात होती. चंद्राचा दोष नाही. दिव्यांची आज्ञा राजाची, आणि हे आम्हा तिन्ही मठांना तुकड्यातुकड्याने ठाऊक होते."

राजाने मान खाली घातली. घट मात्र गप्प राहिला.

वसुमित्राची पावले गार पडली. त्याने खाली पाहिले. घोट्यापर्यंत माती झाली होती.

"अर्धे आहे!" साळुंकी किंचाळली. "उरलेले बोल!"

उरलेले काय? विष सांगितले, दगड सांगितला, गाणे सांगितले. तीन मठांची विद्या संपली. माती गुडघ्याला आली. त्याला तो तरुण आठवला, साल निघालेल्या कपाळाचा. काय काय विचारले होते त्याला सगळ्यांनी. आणि काय विचारले नव्हते.

"तिचे नाव मला माहीत नाही," वसुमित्र म्हणाला. "ते कोणालाच माहीत नाही. आम्ही विचारलेच नाही."

या बोलण्यात शंकेला जागाच नव्हती.

"येसू," घट म्हणाला, आणि फुटला.

इंदुलेखेने मोठा श्वास घेतला. तिच्या अंगावरची माती कोरड्या चिखलासारखी गळून पडली. वसुमित्राचे गुडघे मोकळे झाले आणि तो मटकन खाली बसला. पुतळे जिवंत झाले. ज्याचे बोट वर होते, तो म्हणाला, "आणि दुसरे असे..." त्याच्या तोंडावर उपरणे पडले.

त्या दिवसापासून राजवाड्यात अमावास्येला साध्या मातीचे दिवे लागू लागले, आणि पहिला दिवा येसूच्या नावाने लागे. जुन्या कुंभारणींचे हात पाहायला वैद्य भट्टीवर जाऊ लागले. त्यांच्याबरोबर एक निळा आणि एक पिवळा असे. मठांच्या भिंतींना खिडक्या पाडल्या. द्वारपालाला तिन्ही रंग एका वाटीत कालवायची आज्ञा झाली. जो रंग तयार झाला तो मातीचा होता. द्वारपाल फार कुरकुरला, पण लावू लागला.

वसुमित्र आपल्या ग्रंथाकडे परतला. पहिल्या पानावर त्याने येसूचे नाव घातले. खाली पहिले वाक्य लिहिले आणि त्यात 'बहुधा' आला. त्याने साळुंकीकडे पाहून तो खोडला. विचार केला. पुन्हा लिहिला. पुन्हा खोडू लागला.

साळुंकीने वाक्य वाचले आणि चोचीने लेखणी बाजूला सारली. "असू दे. इथे खरेच बहुधा आहे."

त्या राज्यातली थरथर थांबली, तशी ऐकणाऱ्याच्या घरचीही थांबो.