ओटीतला नारळ

"सून त्या काठची आहे, तिच्या कानावर जाऊ देऊ नका. यंदा श्रावणाची वाट बघायची नाही, आषाढातच निघायचं. आपण नाही धरले, तर ते धरतील."

ओसरीवर सासरे बोलत होते, आणि दाराआड सून तांदूळ पाखडत होती. तिने सगळं ऐकलं आणि पाखडत राहिली. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. तिने बोलावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती, आणि बोलत नाही म्हणून शेजारणींत कौतुकच चाललं होतं.

आता ही सून कुठली आणि कोण कुणाला धरणार, ते ऐका.

एका समुद्राला दोन काठ होते आणि दोन काठांवर दोन राज्यं. एक उगवतीचं, एक मावळतीचं. दोन्ही राजांनी आपापल्या किनाऱ्यावर दगड रोवून त्यावर कोरलं होतं, की समुद्र आमचा. मासे काही वाचायला शिकले नव्हते. ते सकाळी इकडे पोहत आणि संध्याकाळी तिकडे.

समुद्राच्या मधोमध एक उथळ जागा होती. पावसाळ्यात पोटात गाबोळी भरलेली पापलेटं तिथे येत, अंडी सोडत आणि निघून जात. दोन्ही काठांवर त्या जागेला एकच नाव होतं, माहेर. लेक बाळंतपणाला माहेरी आली की तिला त्रास द्यायचा नसतो. म्हणून श्रावणाच्या पौर्णिमेला नारळ वाहीपर्यंत तिथे कुणी जाळं टाकत नसे.

मग एका वर्षी कुणीतरी एक दिवस आधी गेलं. कोण गेलं, हे दोन्ही काठांना पक्कं ठाऊक होतं: ते.

पुढच्या वर्षी हे दोन दिवस आधी निघाले, त्याच्या पुढच्या वर्षी ते चार. जाळ्यांचीही तीच गत. पूर्वी जाळ्याच्या भोकातून चार बोटं आरामात जात. मग तीन जाऊ लागली, मग दोन, आणि आता करंगळी घातली तर अडकून बसे. पिल्लंसुद्धा सुटेनात. तरी टोपल्या दरवर्षी हलक्याच होत गेल्या, आणि टोपली हलकी झाली की दोन्हीकडे कारण एकच निघे: ते.

शेवटी दोन्ही काठांच्या पाटलांनी साटंलोटं केलं. याची लेक त्याच्या घरी दिली, त्याची लेक याच्या घरी आणली, तीच ही सून. तोंडाने म्हणाले, सोयरीक झाली की वैर मिटेल. मनात म्हणाले, लेक तिकडची खबर देईल. आपल्याही घरात तिकडची लेक येते आहे, हे मात्र दोघांच्याही ध्यानात उशिरा आलं.

त्यातच दोन्ही राजांनी दवंडी पिटली. यंदा माहेरावर मारामारी झाली, तर समुद्र ओलांडणं कायमचं बंद. ती दवंडी ऐकून पुरुषांनी मिशांना पीळ दिला. सुनेला मात्र आपल्या आईची स्वयंपाकघरातली पाठ आठवली. मारामारी झाली तर ती पाठ पुन्हा दिसणार नव्हती.

आषाढात उघडीप पडली आणि सगळा किनारा जागा झाला. होड्यांना तेल चोपडलं गेलं, शिडं उन्हात पसरली, म्हातारेसुद्धा दोरांना गाठी मारत पोरांवर ओरडू लागले. ढोल वाजायला लागला तेव्हा सुनेचेही पाय थांबेनात. कोळ्याची लेक ती, होड्या सुटायच्या म्हटल्यावर घरात बसवेल कशी?

बसायचं नव्हतंच. घरात नवी सून आली की त्या वर्षीचा पहिला नारळ तिच्या हातून समुद्रात सुटायचा, आणि तो पाण्याला लागला की सगळ्या होड्यांची जाळी एकदम पडायची. लोकांनी मुहूर्त बदलला होता, पण नारळ चुकवायची छाती कुणाची नव्हती.

सासूबाईंनी तिच्या हातात नारळ दिला. "नीट धर हो," त्या म्हणाल्या. "तुझ्या माहेरच्यांसारखी आधीच सोडू नकोस."

सून म्हणाली, "नाही सोडणार."

वारा चांगला होता. होड्या अशा पळाल्या की शिडं फाटतील असं वाटावं. सुकाणूवर नवरा होता, पुढे सासरे उभे होते, मध्ये नारळ घेऊन सून. तोंडावर खारट पाणी उडत होतं आणि तिला हसू फुटत होतं. तेवढ्यात समोरून दुसरी शिडं दिसली. तितकीच, आणि तितक्याच घाईची. तेही आषाढातच निघाले होते.

माहेरावर दोन्ही ताफे समोरासमोर थांबले. पुढच्या होडीत सुनेचे वडील होते, आणि त्यांच्या मागे नारळ घेऊन उभी होती तिची नणंद, म्हणजे सासऱ्यांची स्वतःची लेक.

आणि खाली पाणी जिवंत होतं. पापलेटांवर पापलेटं, चांदीची ताटं उलटीपालटी व्हावीत तशी. पोटं इतकी भरलेली की वळताना जड जात होतं. दोन्हीकडे जाळी हातात आली.

"सूनबाई, नारळ सोड," सासरे म्हणाले.

सुनेने खाली पाहिलं. मग तिने पदर पुढे घेतला, नारळ त्यात ठेवला आणि पदर कमरेला घट्ट खोचला.

होडीत कुणी हलेना. हातातला नारळ हिसकावता आला असता. पण नव्या सुनेच्या ओटीतला नारळ कोण काढणार? नवऱ्याने सुकाणूवरचा हात काढून कपाळावर ठेवला.

समोरच्या होडीतून नणंदेने हे पाहिलं. ती मोठी फटकळ. इकडे असताना तिचा आवाज वाऱ्याच्या उलट दिशेलाही जायचा. पण ती काहीच बोलली नाही. तिनेही पदर पुढे घेतला आणि नारळ ओटीत बांधला.

मग दोन्ही पाटलांचा तोल सुटला. सासऱ्यांनी होडीच्या काठावर हात आपटला, सुनेच्या वडिलांनीही आपटला, आणि दोघे एकाच वेळी आपापल्या माणसांना म्हणाले, "आपण नाही धरले, तर ते धरतील."

पाण्यावर आवाज लांब जातो. दोघांनीही एकमेकांचं वाक्य ऐकलं. इतकी वर्षं ते ज्याला आपलं शहाणपण समजत होते, ते समोरच्याच्या तोंडून आलं. मागच्या कुठल्याशा होडीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

आणि तेव्हा सून बोलली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

ती काय बोलली ते सांगायचंच आहे, पण आधी पुढचं ऐका. त्या दिवशी दोन्ही ताफे रिकाम्या जाळ्यांनी परतले. श्रावणापर्यंत दोन्ही काठांनी सुकटीवर भागवलं आणि यथेच्छ कुरकुर केली. पाटलांनी राजांना गाठलं. राजांनी आधी डोळे वटारले, मग एका होडीत बसून एकच ठराव केला. नारळी पौर्णिमेआधी माहेरावर जाळं नाही. जाळ्याच्या भोकातून चार बोटं गेलीच पाहिजेत. तिसरी अट सुनेची होती. दोन पावसाळे गेले आणि टोपल्या अशा भरल्या की उचलायला दोन माणसं लागू लागली. ते बघून दक्षिणेच्या तिसऱ्या राज्यानेही विचारलं, आम्हालाही घ्याल का. आणि सून दरवर्षी माहेरी जाते. येताना सासूबाईंसाठी तिकडची सुकट आणते. सासूबाई म्हणतात, आपल्याकडचीच बरी, आणि दोन वेळा वाढून घेतात.

तर त्या दिवशी, ओटीतल्या नारळावर हात ठेवून, सून म्हणाली:

"मामंजी, ओसरीवर बोललात ते मी ऐकलं होतं. माझे बाबाही घरी हेच बोलतात, असाच हात आपटून. त्यांचं एक माणूस तुमच्या होडीत आहेच, तुमचं एक त्यांच्या होडीत. आता प्रत्येक होडीत असंच एकेक बसवा. म्हणजे कोण काय करतंय, हे कुणाला दाराआडून ऐकावं लागणार नाही."

तात्पर्य: ज्या पाण्याला कुंपण घालता येत नाही, ते राखायचं तर पलीकडच्याला आपल्या होडीत बसवावं आणि आपण त्याच्या होडीत जाऊन बसावं.