माइकच्या जागी मेण

एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक उतारवयात शिष्य झाले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवले, त्याला स्वतः शिकायला बसणे फार जड जाते, आणि हे तर अख्ख्या तालुक्याचे 'सर'. पण गरज पडली की माणूस कुणाच्याही पायरीशी बसतो. सरांची गरज एकच होती. त्यांची एकुलती एक मुलगी वृंदा परदेशी राहत होती आणि गेले सात महिने तिचा फोन आला नव्हता.

भांडण झाले होते म्हणावे, तर तसेही नाही. पत्नी गेल्यापासून दर रविवारी दुपारी चार वाजता वृंदाचा फोन यायचा. मग तो दोन रविवारांनी येऊ लागला, मग महिन्याने, आणि पुढे थांबलाच. सरांनी निरोप पाठवला की उत्तर यायचे, "ठीक आहे बाबा. कामात आहे." एवढेच. सर त्या पाच शब्दांकडे दिवसातून दहादा पाहत. घर खायला उठत असे. दोन वाट्या आमटी करून एक वाटी संध्याकाळपर्यंत तशीच राहत असे.

आपल्या दुःखाचे कारण मात्र सरांनी पक्के शोधून ठेवले होते. लाइन! फोनवर बोलता बोलता वृंदाचा आवाज मध्येच नाहीसा व्हायचा. सर "हॅलो, हॅलो" करायचे, मग "लाइन तुटली" म्हणून फोन ठेवायचे. असे एकदा नाही, शंभरदा झाले होते. शेवटी शेवटी वृंदाही म्हणाली होती, "हो बाबा, लाइनच खराब आहे." म्हणजे पोरीचा दोष नाही, आपला तर नाहीच नाही. दोष यंत्राचा. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण सरांनी पस्तीस वर्षे फळ्यावर लिहून समजावली होती, पण फळ्याकडे तोंड असले की वर्गाकडे पाठ असते.

सरांनी ठरवले, की आता एक उत्तम संगणक घ्यायचा, आणि तोही तयार नाही, सुटे भाग निवडून स्वतः जोडायचा. आवाजाचा आणि नेटच्या जोडणीचा भाग असा पारखून घ्यायचा की लाइन तुटण्याची बिशाद राहू नये.

गावात जुन्या स्टँडमागे अण्णा नावाचे एक वृद्ध कारागीर होते. तरुणपणी ते रेडिओ दुरुस्त करीत, सभासमारंभांना कर्णे लावीत. आता संगणक जोडून देत. आयुष्य कर्ण्यांशेजारी गेल्याने त्यांचा डावा कान पार गेला होता. कुणी बोलू लागले की ते उजवा कान पुढे करून, डोळे मिटून ऐकत. सर त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "अण्णा, मला शिकवा. मी जोडणार, तुम्ही चूक दाखवायची."

"बसा सर," अण्णा म्हणाले. "काय काय हवंय?"

सरांनी पिशवीतून एक तक्ता काढला. शाळेच्या वेळापत्रकासारखा, पट्टीने आखलेला, लाल शाईची शीर्षके. चार साउंड कार्डे, पाच नेटवर्क कार्डे, सहा माइक. प्रत्येकापुढे सरांनी सुवाच्य अक्षरात टिपा केल्या होत्या. आवाज किती लांबून पकडतो, आजूबाजूचा गोंगाट किती गाळतो, आपले बोलणे तिकडे किती वेगाने पोहोचते. पंधरवडाभर अभ्यास करून बनवलेला तक्ता होता तो. एखाद्या विद्यार्थ्याने केला असता तर सरांनी त्याला प्रार्थनेच्या वेळी पुढे बोलावून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावले असते.

अण्णांनी चष्मा पुसून तो सावकाश वाचला. मग म्हणाले, "सर, तुमचा आवाज तिकडे कसा जाईल ते सगळं यात आहे. तिचा आवाज इकडे कसा येईल, तो रकाना दिसत नाही."

"त्यात काय पाहायचं? ऐकायला घरात जुने स्पीकर आहेत. चालतील."

अण्णांनी तक्ता बाजूला ठेवला. ते म्हणाले, "हल्लीच्या मदरबोर्डावर आवाजाची आणि नेटची सोय असतेच. वेगळं कार्ड लागतं का, ते आजार बघून ठरवू. लाइन नेमकी कशी तुटते, ते मला ऐकवता येईल?"

हे मात्र जमण्यासारखे होते. सरांच्या मोबाइलमध्ये प्रत्येक संभाषण आपोआप नोंदवून ठेवायची सोय कुणीतरी चालू करून दिली होती. तीन वर्षांचे सगळे रविवार आत पडून होते. सरांनी ते कधी ऐकले नव्हते. त्यांनी मोबाइल अण्णांच्या हाती दिला आणि म्हणाले, "घ्या. पुरावाच घ्या."

अण्णांनी तो दोन दिवस ठेवून घेतला. परत देताना त्यांनी सरांच्या नजरेला नजर दिली नाही.

पुढचे आठ दिवस सर रोज दुकानात जाऊन जोडणी शिकले. बोटांना सवय नव्हती, पण चिकाटी दांडगी. स्क्रू निसटला की स्वतःलाच "मूर्ख" म्हणत. शेवटच्या दिवशी त्यांनी मागवलेला महागडा माइकही आला. सरांनी तो दोन्ही हातांनी बाहेर काढला, चकचकीत जाळीवर बोटाने टकटक केली आणि सवयीने म्हणाले, "हॅलो, एक, दोन, तीन."

संगणकाच्या मागे दोन गोल छिद्रे होती. हिरवे ऐकण्याचे, गुलाबी बोलण्याचे. सर माइकची पिन गुलाबी छिद्रात घालणार, एवढ्यात अण्णांनी त्यांचा हात धरला. खणातून मेणबत्तीचा तुकडा काढला, दिव्यावर मऊ केला, त्याची गोळी वळली आणि ती त्या गुलाबी छिद्रात अंगठ्याने घट्ट दाबून बसवली.

सर संतापले. "अण्णा! काय केलंत हे? माझ्या नव्याकोऱ्या यंत्राचा सत्यानाश! वय झालं की बुद्धी..." पुढचे शब्द त्यांनी गिळले, पण चेहऱ्यावर ते उमटलेच.

"मेण निघतं सर. मी स्वतः काढून देईन," अण्णा शांतपणे म्हणाले आणि हिरव्या छिद्रात त्यांनी स्वतःचे जुने, जड हेडफोन जोडले. "हे घरी न्या. तुमचे सगळे रविवार मी यात भरून ठेवलेत. आधी ते ऐका. पुढे ढकलू नका, मध्ये थांबू नका. शेवटपर्यंत ऐका. त्यानंतर कुठलं कार्ड घ्यायचं ते तुम्हीच मला सांगा."

सर तणतणत घरी आले. दुपारी दार लावून, हेडफोन कानांवर चढवून बसले. पहिला रविवार सुरू झाला आणि कानात पहिला आवाज आला तो स्वतःचा. खणखणीत, स्पष्ट, वळणदार. क्षणभर त्यांना बरेही वाटले. मग ते बोलणे संपेचना. शाळेतले राजकारण, नव्या मुख्याध्यापकाचा गलथानपणा, गुडघा, नळाचे पाणी, परत शाळा. मध्ये कुठेतरी पोरीचा आवाज यायचा, "बाबा, मला एक..." आणि सर म्हणायचे, "हो हो, सांग, पण त्याआधी हे ऐक." मग आपलेच घोडे पुढे. आणि मग ती जागा यायची. वृंदाचा आवाज नाहीसा. "हॅलो? हॅलो? तुटली वाटतं लाइन."

सरांनी मान हलवली. हेच. हेच तर आपण सांगत होतो.

तेवढ्यात त्यांना काहीतरी जाणवले. वृंदाचा आवाज गेला होता, पण त्या हेडफोनमध्ये तिच्या घरातली आणखी एक चाहूल येत होती. टिक, टिक, टिक. ते घड्याळ सर ओळखत होते. पत्नीने लेकीच्या लग्नात दिलेले, लंबकाचे. त्याची टिकटिक जरा अडखळत असे. लाइन तुटली म्हणून सर ओरडत होते आणि घड्याळ चालूच होते. त्याच्यामागे कुणीतरी एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. मग सरांनीच फोन ठेवला.

सरांनी दुसरा रविवार लावला, मग दहावा, मग चाळिसावा. लाइन एकदाही तुटलेली नव्हती. प्रत्येक वेळी घड्याळ चालू होते.

चौदा महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी सर आपल्या सत्काराचे वर्णन करीत होते. शाल कुणी घातली, श्रीफळ कुणी दिले, पाहुणे काय म्हणाले. त्या वर्णनाच्या खाली, अगदी हळू, एक वाक्य होते. त्या दिवशी ते सरांच्या कानावरून वाऱ्यासारखे गेले होते. आज ते ऐकू आले.

"बाबा, निशांत घर सोडून गेलाय. मला खूप भीती वाटते."

आणि त्यावर सरांचा उत्साही आवाज, "आणि शाल कशी, अस्सल पैठणी काठाची!"

मग घड्याळ. मग "हॅलो, हॅलो."

निशांत म्हणजे जावई. चौदा महिने पोर परक्या देशात एकटी राहत होती आणि बापाला ठाऊक नव्हते. बापाला सांगितलेले असूनही ठाऊक नव्हते. सरांनी हेडफोन काढले नाहीत. ते उघड्या डोळ्यांनी भिंतीकडे पाहत राहिले आणि रडायचेही त्यांना सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात जाऊन बसले. अण्णांनी हातातले काम बाजूला सारले. मग अण्णा म्हणाले, "सर, तुमच्या शाळेच्या गॅदरिंगला तीस वर्षं कर्णे मीच लावले. माइक हातात आला की तुम्ही सोडत नव्हता. समोर पोरं काय म्हणतात ते कर्ण्यामागच्या माणसाला ऐकू येत नाही. मला ठाऊक आहे, माझा एक कान त्यातच गेला. लाइन तुटते ना, तेव्हा घड्याळासकट तुटते. माणूस गप्प होतं तेव्हा घड्याळ चालू राहतं. तुम्ही दोन्हीला एकच नाव दिलंत. म्हणून मी मेण घातलं. बोलायची वाट उघडी असती, तर तुम्ही कालही बोलतच बसला असता."

सरांनी खाली मान घालून विचारले, "मग आता मी काय करू, अण्णा?"

"ते मला येत नाही सर. मी यंत्रं दुरुस्त करतो."

अण्णा सरांबरोबर घरी आले, एका बारीक सुईने त्यांनी मेण उकरून काढले आणि चहाही न घेता गेले. कुठलेही कार्ड विकत आणले गेले नाही. तो तक्ता सरांनी घडी करून खणात ठेवून दिला.

रविवारी चार वाजता सरांनी संगणकावरून फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर वृंदाने उचलला.

"बाबा? बरे आहात ना?"

"मी बरा आहे. बोल वृंदा. मी ऐकतोय."

पलीकडे शांतता. घड्याळ वाजत होते, तसेच, अडखळत. सरांच्या ओठांवर सवयीने "हॅलो" आले. त्यांनी ते दातांखाली धरले.

"बाबा, लाइन तुटली का?"

"नाही बाळ. लाइन चांगली आहे." सरांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबले. "निशांतचं सांग मला. मी तेव्हा ऐकलं नाही."

पुन्हा घड्याळ. किती वेळ, कोण जाणे. मग वृंदा बोलली. आवाजात राग नव्हता, आणि सरांना तेच सहन होईना. राग असता तर त्यांनी पाय धरले असते.

"त्याला वर्ष होऊन गेलं, बाबा. तेव्हा सांगायचं होतं. रोज वाटायचं, या रविवारी सांगू. आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. मी राहते नीट. तुम्ही सांगा, गुडघा कसा आहे?"

सरांना आयुष्यात प्रथमच काही बोलता आले नाही. समोर सर्वांत उत्तम माइक होता.

"ठेवू मग, बाबा? मशीनला कपडे लावलेत."

"ठेव बाळ."

खट् असा बारीक आवाज झाला आणि टिकटिक बंद पडली. हेडफोनमध्ये आता काहीच नव्हते, श्वासही नाही, घड्याळही नाही. सर तसेच ऐकत बसले. लाइन तुटते ती कशी ऐकू येते, हे त्यांना त्या दिवशी कळले.

आपल्याशी बोलताना कुणी मध्येच थांबले, तर "हॅलो, हॅलो" करण्यापूर्वी त्याच्या घरातले घड्याळ ऐकू येते का, तेवढे पाहावे.