गुरुवारचं पुस्तक

ग्रंथपाल अनसूयाबाई पुस्तकावर तारखेचा शिक्का मारत, तो ठक्क आवाज अजून माझ्या कानात आहे. मी त्या वाचनालयाचा शिपाई.

एकदा अध्यक्ष रावसाहेब जामदार त्यांच्याबद्दलची तक्रार घेऊन आले. रावसाहेबांच्या पत्नी यमुनावहिनी वारल्याला तेव्हा महिना झाला होता.

"बाई, दर गुरुवारी काम टाकून कुठं जात होता? खरं सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"एका सभासदाला घरी पुस्तक पोचवायला, साहेब."

"का? पाय मोडले होते त्याचे?"

बाईंनी डोळे पुसले. "पाय धड होते. नवऱ्याला बायकोनं उंबरा ओलांडलेला चालत नव्हता. शेवटचं पुस्तक तेवढं परत यायचं राहिलंय. वहिनींच्या उशाखाली बघता का, साहेब?"

रावसाहेब निघून गेले.