एका जास्तीच्या पाटाची कहाणी

ऐका गौराबाई, तुमच्या पाटाची कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, मन थाऱ्यावर ठेवा.

नदीच्या वळणावर एक आटपाट नगर वसलं होतं. तिथं भानू कासार राही. घरात माणसं चार, त्यांतली तीन जगावेगळी. भानू रागावलेल्या बाईला बांगडी भरत नसे. म्हणे, "हात आखडलाय, बाई. घरी जा, भांडण मिटव, मग ये." कासारीण भात शिजताना ओव्या गाई. मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्या ओवीपासून, नि जेवण उन्हं कलल्यावर. तिसरी भानूची बहीण, चिमाआत्या. तिचा नवरा होडीनं गेला तो परतला नाही. ती भावाकडे राही आणि घरचा वसा चालवी.

वसा काय? श्रावणातल्या शनिवारी घरच्या माणसांपरीस एक पाट जास्त मांडावा. भोवती रांगोळी काढावी, पान वाढावं. दारी येईल त्याला बसवावं. नाव पुसू नये, गाव पुसू नये, माघारी धाडू नये. कुणी नाहीच आलं तर पान गाईला घालावं. आत्या त्या रिकाम्या पाटाशी बोले, "या, बसा. उशीर झाला का?" शेजारणी तोंडाला पदर लावून हसत.

चौथी म्हणजे लेक सगुणा. ती शहाणी होती, म्हणून तिला लाज वाटे.

मग काय झालं? नगरशेटाच्या मल्हारीशी तिचं ठरलं. साखरपुडा झाला. तो तिला घाटावर दिसे, लांबूनच हसे. तेवढ्यानं तिचा दिवस गोड जाई. मग श्रावण आला, आणि ऐन शनिवारीच व्याही जेवायला येतो म्हणाले.

सगुणा बापाकडे गेली. "बाबा, आज मागेल तिला बांगडी भरायची, हात बघत बसायचं नाही." बाप बरं म्हणाला. आईकडे गेली. "आई, आज ओव्या नकोत, लोक हसतील." आई बरं म्हणाली. आत्याकडे गेली. "आत्या, आज जास्तीचा पाट नको."

"अगं, मग येणारी बसेल कुठं?"

"कोण येतंय? तुझ्या या वेडापायी माझं लग्न मोडायचं!"

सगुणेनं आपल्या हातानं पाट उचलला, दाराआड उभा केला, रांगोळी पायानं पुसली. आत्याला म्हणाली, "पाहुणे जाईपर्यंत तू परसात बैस." आत्या उठली, परसात जाऊन बसली.

व्याही आले. शेटाणी वाटेतच नवऱ्याशी भांडून आली होती. पाठोपाठ दारी एक म्हातारी उभी राहिली. हिरवं लुगडं, हातात एकच बांगडी. "बाय, पान आहे का गं?"

सगुणा हळूच म्हणाली, "आज घरात पाहुणे आहेत. उद्या ये."

म्हातारी गेली. मग शेटाणीनं हात पुढं केला. "भरा बांगड्या, बघू तुमची कारागिरी." भानूनं हात हाती घेतला. आखडलेला होता. त्यानं लेकीकडे पाहिलं. लेकीनं डोळ्यांनी विनवलं. त्यानं बांगडी चढवली, ती फुटली, रक्त आलं. तिकडं आईनं ओव्या गायल्या नव्हत्या. भाताचा अंदाज तिला ओव्यांवरूनच येई. भात करपला.

"लग्नाआधी रक्त! ताटात करपा!" शेटाणी उठली. "असलं घर नको गं बाई आम्हांला."

साखरपुड्याचा नारळ परत आला. मल्हारी आईमागं मान खाली घालून गेला. वळून पाहिलं नाही.

घरात सगुणेला कुणी शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं होतं. बाप मुकाट्यानं वाटेल तिला बांगड्या भरू लागला, बांगड्या फुटू लागल्या. आई न गाता रांधू लागली, अन्नाची चव गेली. आत्या बोलेचना. दाराआडच्या पाटावर धूळ बसली.

मग थंडीत आत्यानं अंथरूण धरलं. सगुणा उशाशी बसे. "आत्या, चुकले गं. श्रावण येऊ दे, पाट मांडते. एकदा बोल." आत्या तिच्या हातावर हात ठेवी. बोले मात्र नाही. श्रावण यायच्या आधीच आत्या गेली.

मग श्रावण आला. सगुणेनं पाट धुतला, रांगोळी काढली, पान वाढलं. पहिल्या शनिवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या शनिवारी कुणी आलं नाही. तिसऱ्या शनिवारी खांद्यावर विस्तव फुलवायचा भाता घेतलेला एक कल्हईवाला दारी आला. नाव हैबती.

"वेशीवर एक म्हातारी भेटली," तो म्हणाला. "हिरवं लुगडं, हातात एकच बांगडी. म्हणाली, त्या घरी जा, आज पाट मांडलाय."

सगुणेच्या डोळ्यांना धार लागली. "बसा," म्हणाली.

चुलीपाशी आईला काय वाटलं कोण जाणे, तिनं ओवी धरली. सगुणा लाजून म्हणाली, "वेळ लागेल हां."

"लागू द्या. घरात गाणं ऐकून मला फार दिवस झाले."

हैबती त्या नगरात राहिला. कासाराच्या घरी भांडी थोडी, तरी कल्हई संपेना. बाप आईला म्हणे, "त्याच पातेल्याला तिसऱ्यांदा करतोय बघ." कासारीण हसे. सगुणाही हसू लागली. एक दिवस तिनं सांगून टाकलं, "माझं एकदा ठरून मोडलंय."

"कुणी मोडलं?"

"मीच."

हैबती भाता थांबवून म्हणाला, "मग जोडताना जपशील."

लग्न ठरलं. चुडा भरायला सगुणा बापापुढं बसली. भानूनं तिचा हात हाती घेतला, नि खाली ठेवला.

"हात आखडलाय, पोरी. कुणावर रागावलीस?"

"माझ्यावरच, बाबा."

"मग मिटवून ये. मी थांबतो."

सगुणा उठली. दाराआडचा पाट आणला, मांडला, भोवती रांगोळी काढली. समोर बसली आणि म्हणाली, "ये आत्या, बस. उशीर मलाच झाला."

पोटभर रडली. मग बापाकडे गेली. हिरवा चुडा हातात अलगद गेला, एकही बांगडी फुटली नाही.

गौराबाई, सगुणेला दारी आलेलं माणूस ओळखू आलं, तसं तुम्हां-आम्हां येवो. तिला झाला तो उशीर कुणाला न होवो. लांबणीची ही कहाणी थोडक्या बोलांत, रिकाम्या पाटाशी, भरल्या घरात सुफळ संपूर्ण.